तात्पुरती आडवी लाईफलाईन : ताठ ओढली म्हणजे भक्कम झाली का?

लोखंडीवाट :
नमस्कार मंडळी. स्ट्रक्चरल स्टीलच्या उभारणीत मला अठरा वर्षं झाली. आधी रिगर (जड सामान बांधून वर चढवणारा) होतो, आता सुपरवायझर आहे. इथे उंचीवर काम करणारे, करवून घेणारे आणि नुकतेच या कामात आलेले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतोय. विषय एकच, दोन खांबांच्या मध्ये काही दिवसांपुरती बांधतो ती आडवी लाईफलाईन, म्हणजे उंचीवर काम करणारा आपला हुक जिला लावतो आणि पडला तर जी त्याला धरते ती वायर किंवा पट्टा.

माझे डोळे जिथे उघडले तिथूनच सुरुवात करतो. बीमवर मीटरभर उंचीचे दोन पोस्ट, म्हणजे आखूड खांब, क्लॅम्प करून मध्ये ८ मिलिमीटरची वायर ताणली होती. गाळा, म्हणजे दोन पोस्टमधलं अंतर, दहा मीटरचा. टर्नबकल (वायर ताणायचा फिरवता स्क्रू) इतका आवळला होता की वायरवर टिचकी मारली तर ती वाजायची. झोल दिसला की आम्हाला काम गबाळं वाटायचं, आणि ताठ वायर म्हणजे नीट काम अशी पक्की समजूत. दुपारी माझा एक सहकारी बीमच्या मधोमध पाय घसरून पडला. हार्नेस (अंगावरचे पट्टे) चांगला होता, लॅनयार्डला (हार्नेसपासून लाईनपर्यंतच्या दोरीला) शॉक अ‍ॅब्सॉर्बर (उलगडत जाऊन झटका कमी करणारा भाग) होता, हुक लावलेला होता. तो वाचला.

त्याला उतरवल्यावर मी वर गेलो. एका बाजूचा पोस्ट आत वाकला होता. त्याचा क्लॅम्प बीमच्या फ्लँजवर (बीमच्या कडेच्या रुंद पट्टीवर) चार बोटं सरकला होता आणि तेवढ्या पट्ट्यात रंग खरवडून लोखंड उघडं पडलं होतं. वायरच्या टोकाला, मागे दुमडलेली वायर धरणाऱ्या तीन क्लिपा होत्या. त्यांच्या पलीकडे आम्ही वीतभर शेपूट सोडलं होतं, त्यातलं दोन बोटं उरलं होतं. बाकीचं क्लिपांमधून ओढलं गेलं होतं, आणि जिथून गेलं तिथलं ग्रीस पुसून वायर चकचकीत झाली होती. ती दोन बोटंही निघून गेली असती तर हार्नेस, लॅनयार्ड, हुक सगळं अंगावर असूनही तो खाली गेला असता.

आमचं चुकलं कुठे, ते समजायला मला पुढे बरेच दिवस लागले. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ताठ बांधलेल्या दोरीच्या मधोमध ओली गोधडी टाकली की भिंतीतले खिळे उपटून येतात. तीच दोरी थोडी सैल असेल तर तेच ओझं खिळे सोसतात. माणूस पडतो तेव्हा चांगला अ‍ॅब्सॉर्बर त्याच्या अंगावरचा झटका साधारण ६ किलोन्यूटनच्या आत ठेवतो, म्हणजे सहाशे किलो टांगल्यासारखा. हा झटका सरळ खाली येतो. वायर मात्र जवळजवळ आडवी. आडव्या वायरने खालचा भार पेलायचा तर तिला दोन्ही टोकांना त्याच्या कितीतरी पट जोराने खेचावं लागतं.

दहा मीटरच्या गाळ्यात मधोमध वायर फक्त ४४ सेंटिमीटर खाली आली, तर तिचा आडव्या रेषेशी कोन होतो ५ अंश आणि ताण येतो ३४ किलोन्यूटन. साडेतीन टन! ८८ सेंटिमीटर खाली आली तर कोन १० अंश, ताण १७. सव्वा मीटरच्या थोडी पुढे गेली, कोन १५ अंश झाला, तर साडेअकरा. आता ८ मिलिमीटरची चांगली वायर तुटते कितीला? साधारण ३७ ते ४० किलोन्यूटनला. क्लिपांनी बांधलेल्या टोकाशी त्यातले ८० टक्के धरायचे, म्हणजे तीस-बत्तीस. पाच अंशांचा हिशेब त्याच्या पलीकडे जातो. आमची वायर तुटली नाही ती क्लिपा सरकल्या आणि पोस्ट वाकला म्हणून. त्या सरकण्यावाकण्यानेच ताण उतरवला. ते आमचं डिझाइन नव्हतं.

तुमचे अनुभव आणि शंका लिहा. जे मला कळतं ते सांगेन, जिथे इंजिनीअरचं काम आहे तिथे तसं सांगेन.

कोनमापक :
फार गरजेचा धागा. मी डिझाइनच्या बाजूचा, म्हणून हिशेबात थोडी भर.

सूत्र सोपं आहे. ताण म्हणजे झटका भागिले कोनाच्या साइनची दुप्पट. पण त्यातला कोन झटका बसत असतानाचा घ्यायचा, बांधतानाचा नव्हे. वायर ताणली जाते, पोस्ट लवतात, क्लॅम्प थोडे बसतात, त्यामुळे कोन उघडतो. किती उघडतो ते वायरच्या जाडीवर, लांबीवर, पोस्टच्या कडकपणावर आणि मुळात दिलेल्या ताणावर ठरतं. एक गोष्ट बदलली की सगळ्या बदलतात. म्हणून हे गणित कागदावर एका ओळीत सुटत नाही, फिरून फिरून करावं लागतं. लोखंडीवाट यांनी दिलेले आकडे दिशा दाखवायला अगदी योग्य आहेत, पण ते पाहून कोणी आपल्या साईटवरची लाईन स्वतः ठरवू नये.

दुसरं म्हणजे पोस्ट. मीटरभर उंच पोस्टच्या डोक्याला १७ किलोन्यूटनची आडवी ओढ बसली, तर तळाशी १७ किलोन्यूटन-मीटर वाकवणारा जोर येतो. मीटरभर लांबीचा पाना बोल्टला लावून त्याच्या टोकाला पावणेदोन टन टांगल्यासारखं. वायरची ताकद सगळे विचारतात, पोस्टच्या तळाचा क्लॅम्प आणि तो ज्या फ्लँजला धरतो ती फ्लँज यांचं कोणी विचारत नाही. घटना वाचताना मला सगळ्यात आधी तो सरकलेला क्लॅम्पच दिसला.

म्हणूनच चांगल्या तयार लाईनमध्ये लाईनच्याच अंगात एक अ‍ॅब्सॉर्बर असतो. ठरावीक ताण आला की तो उलगडत जातो आणि टोकांवरचा भार त्या मर्यादेत ठेवतो. बदल्यात लाईन जास्त खाली येते. टोकं वाचवायची तर खाली जागा द्यावी लागते, जागा वाचवायची तर टोकं तेवढी भक्कम लागतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

ठेकेदार :
वाचलं. राग मानू नका, पण वीस वर्षं वायर बांधतोय, माझी एकही तुटलेली नाही. इतका हिशेब करत बसलो तर दिवसाचं काम दिवसात कसं व्हायचं? आणि आमचे अँकर, म्हणजे लाईन किंवा लॅनयार्ड बांधायच्या पक्क्या जागा, ५००० पौंडांचे असतात. अमेरिकेच्या ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमात हाच आकडा आहे ना? मग अडतं कुठे?

लोखंडीवाट :
राग कशाला मानू, मीही नऊ वर्षं हेच म्हणत होतो. एकच विचारतो. त्या वीस वर्षांत तुमच्या लाईनवर माणसं पडली किती? पडलीच नसतील तर ती लाईन कधी तपासलीच गेली नाही. त्या दुपारपर्यंत माझीही तपासली गेली नव्हती. हुक अडकवून चालणाऱ्या माणसाचं वजन लाईनवर नसतंच, त्यामुळे कच्ची लाईनसुद्धा वर्षानुवर्षं चांगली दिसते.

आणि हिशेब रोज करायचा नसतो. गाळा, पोस्ट, वायर, माणसांची संख्या ठरलेली असेल तर एकदा केलेला हिशेब त्या सगळ्या गाळ्यांना चालतो. वेळ खरा जातो तो दर गाळ्यात नवीन जुगाड शोधण्यात.

कोनमापक :
५००० पौंडांबद्दल. ते होतात २२.२ किलोन्यूटन, आणि तो आकडा अँकरला अडकलेल्या दर माणसामागे आहे. थेट डोक्यावरच्या एका अँकरला लॅनयार्ड लावला असेल तर अँकरवर तेवढाच झटका येतो जेवढा माणसाला बसतो, त्यामुळे २२ पुरेसे होतात. आडव्या लाईनच्या टोकाला तो झटका कोनामुळे वाढून येतो. वरच्या उदाहरणात ३४ आले, तेही एकाच माणसाचे. म्हणून त्याच ओशाच्या नियमात, बांधकामाच्या १९२६.५०२ कलमात, आडव्या लाईफलाईनसाठी वेगळं वाक्य आहे. तिचं डिझाइन, बांधणी आणि वापर पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली हवा आणि सगळ्या यंत्रणेची ताकद लागणाऱ्या भाराच्या किमान दुप्पट हवी. १७ चा ताण येणार असेल तर ३४ पेलणारी वायर, ३४ पेलणारं टोक, ३४ पेलणारा पोस्ट. साखळीतली एक कडीही त्याखाली नको.

ठेकेदार :
टोकाचा मुद्दा पटला. हा कोनाचा प्रकार मला कोणी असा समजावला नव्हता. आमच्याकडे बऱ्याचदा एक टोक कॉलमला आणि दुसरं स्कॅफोल्डिंगच्या पाईपला असतं. ते बंद करतो. काही मुलं अजून कंबरपट्ट्यावर काम करतात, त्याचंही सांगा.

लोखंडीवाट :
स्कॅफोल्डिंगचा पाईप, रेलिंग, केबल ट्रे, डक्ट, पाण्याची पाईपलाईन यातलं काहीही टोक म्हणून नको. ती आडव्या ओढीसाठी बनलेली नाहीत. स्कॅफोल्डिंगच्या बाबतीत तर माणसाबरोबर सगळा सांगाडाच खेचला जाऊ शकतो.

कंबरपट्टा फक्त कडेपर्यंत पोचू न देण्यासाठी, पडणारा माणूस अडवण्यासाठी कधीच नाही. सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, आणि माणूस त्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत पडणं अडवण्यासाठी कंबरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. पूर्ण अंगाचा हार्नेस, पाठीवरची डी-रिंग (लॅनयार्ड अडकवायची कडी) खांद्याच्या दोन पात्यांच्या मधोमध, मांडीचे पट्टे नीट आवळलेले. ते सैल असले की झटक्यात फार इजा करतात.

तारकाम :
क्लिपांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझं सगळं आयुष्य वायर रोपमध्ये गेलं आणि दहापैकी निम्म्या ठिकाणी मला क्लिपा उलट्या दिसतात.

यू-क्लिपला दोन भाग असतात, खोगीर आणि यू-बोल्ट. खोगीर रुंद असतं, ते वायरला न दुखवता धरतं. ते नेहमी भार घेणाऱ्या वायरवर बसलं पाहिजे. यू-बोल्ट वायरमध्ये रुततो, तो मोकळ्या शेपटीकडे. उलटं केलं की यू-बोल्ट भाराच्या वायरमध्येच खाच पाडतो आणि वायर तिथूनच जाते. काही जण एक सुलट, एक उलट असं आलटूनपालटून लावतात, त्यांना वाटतं दोन्ही बाजूंनी पकड येते. तेही चूक. सगळ्या क्लिपा एकाच दिशेने. ८ मिलिमीटरच्या वायरला किमान तीन, दोन क्लिपांमध्ये वायरच्या व्यासाच्या सहापट अंतर, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर. फासात थिंबल (वायरच्या वळणात बसणारी धातूची खाचेची कडी) घालायचंच, नाहीतर शॅकलच्या (पिनेने बंद होणाऱ्या जोडकडीच्या) पिनेवर वायर चपटी होते.

आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट सांगतो. नट टॉर्क पान्याने आवळा, लाईनला ताण द्या, मग पुन्हा आवळा. ताण आला की वायर किंचित बारीक होते आणि पहिल्यांदा घट्ट वाटलेला नट सैल पडतो. लोखंडीवाट यांच्या क्लिपांमधून वायर ओढली गेली, त्याचं मला हेच कारण वाटतं.

टर्नबकल हुकवाला नको, दोन्ही टोकांना पिनेचा जबडा असलेला घ्या, आणि लॉक वायर मारा. थरथरीने तो आपोआप उलगडत जातो. बीमच्या धारदार कडेवरून वायर किंवा पट्टा गुंडाळायचा असेल तर खाली एज प्रोटेक्टर हवाच. पट्ट्याला गाठ तर कधीच नाही, गाठीने ताकद निम्म्यापर्यंतही घटते.

लोखंडीवाट :
तारकाम, बरोबर बोललात. आम्ही ताण दिल्यावर नट पुन्हा आवळले नव्हते. क्लिपा सुलट होत्या, एवढं एकच आमचं नीट होतं.

दुसरा_हुक :
नेहमी वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय, कारण हा विषय माझ्या अंगावरून गेलेला आहे.

पडलेल्या माणसाबद्दल सगळे बोलतात. आमच्याकडे असाच एक जण पडला, तेव्हा मी त्याच लाईनला अडकलेला दुसरा माणूस होतो. आम्ही दोघं एकाच गाळ्यात, माझ्यापासून तो तीन-चार मीटरवर. तो पडला ते मला दिसलंसुद्धा नाही. माझ्या कमरेएवढ्या उंचीवरची लाईन क्षणात खाली गेली आणि माझा लॅनयार्ड तिच्याबरोबर. कोणीतरी पाठीमागून मला खाली ओढावं तसा मी गुडघ्यावर आपटलो आणि बीमला मिठी मारली. हातात पाना होता, तो खाली गेला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. मी उभ्याने लांब झुकून बोल्ट लावत असतो तर मीही गेलो असतो, आणि आमचा दोघांचा झटका त्या एका लाईनवर आला असता.

तेव्हापासून कंपनीने दोघांची परवानगी दिली असली तरी एका गाळ्यात एकच माणूस, हे मी स्वतःपुरतं ठरवलंय. मधला पोस्ट ओलांडताना दोन शेपटांचा लॅनयार्ड वापरायचा. एक हुक पुढच्या गाळ्यात अडकल्याशिवाय मागचा काढायचा नाही. आणि मोकळा हुक हार्नेसच्या भार घेणाऱ्या रिंगेत अडकवून ठेवू नका. पडलात तर ते शेपूट अ‍ॅब्सॉर्बरला उलगडूच देत नाही, सगळा झटका थेट अंगावर येतो. त्यासाठी छातीच्या पट्ट्यावर जोर आला की सुटणारी वेगळी जागा असते, तिथेच ठेवा.

कोनमापक :
दुसरा_हुक, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. कागदावर ही गोष्ट दिसतच नाही.

माणसांच्या संख्येबद्दल एक गैरसमज आहे. युरोपचं ईएन ७९५ हे मानक, २०१२ चं, अँकर यंत्रणा एका माणसासाठीच तपासतं. एकापेक्षा जास्त माणसांसाठी २०१३ मध्ये वेगळं तांत्रिक विनिर्देश आलं, सीईएन/टीएस १६४१५. त्यामुळे नुसता ‘ईएन ७९५’ शिक्का पाहून चार जण अडकले तर ते चूक आहे. पुस्तिकेत आणि लाईनच्या टॅगवर माणसांची संख्या पाहा. ती पूर्ण लाईनसाठी आहे की एका गाळ्यासाठी, तेही पाहा. तो फरक वाचताना हमखास सुटतो.

नवीन_साईट :
मी सिव्हिल इंजिनीअर, उंचीवरच्या कामाची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे. एका शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायचे आहेत. शेड ३६ मीटर लांब, पत्र्यापासून जमीन ७ मीटर. चार जणांची टोळी. आढ्यालगत, पायाच्या पातळीवर पट्ट्याची तयार लाईन ओढायची असं ठरतंय. किट २० मीटरचं आहे, दोन माणसांसाठी, म्हणून दोन किट एकमेकांना जोडू असा विचार आहे. २ मीटरचा लॅनयार्ड. पुस्तिकेत खाली सव्वासहा मीटर जागा लागते असं लिहिलंय, आमच्याकडे ७ आहे. म्हणजे ठीक ना?

लोखंडीवाट :
विचारलंत हे फार चांगलं केलंत. ठीक नाही. का ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी तो सव्वासहाचा आकडा कुठून येतो ते पाहू. लॅनयार्ड २ मीटर. अ‍ॅब्सॉर्बर जास्तीत जास्त पावणेदोन मीटर उलगडतो. पाठीवरच्या डी-रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर. आणि खाली एक मीटर मोकळी जागा. बेरीज ६.२५. पण हा हिशेब न हलणाऱ्या अँकरचा आहे. तुमचा अँकर म्हणजे लाईन, आणि ती स्वतःच खाली येणार. सव्वा मीटर आली असं धरलं तर झाले साडेसात. तुमची जमीन सातवर आहे.

आता दुसरा प्रश्न. शेडमध्ये काय आहे? जागा पत्र्यापासून जमिनीपर्यंत मोजायची नसते, पत्र्यापासून माणूस सगळ्यात आधी ज्यावर आपटेल त्या वस्तूपर्यंत मोजायची.

नवीन_साईट :
खाली मशीन आहेत. अडीच मीटर उंच. हलवता येणार नाहीत.

लोखंडीवाट :
मग हातात आहेत साडेचार मीटर. लाईन मीटरभर पोस्टवर उचलली तरी साडेपाच. हार्नेस घातलेला, हुक लावलेला माणूस मशीनवर आपटेल.

पायाच्या पातळीची लाईन मला मुळातच आवडत नाही. डी-रिंग तुमच्या पायांच्या दीड मीटर वर असते, लॅनयार्ड २ मीटरचा. म्हणजे अडवला जाण्याआधी माणूस साडेतीन मीटर मोकळा पडतो. ओशाच्या नियमात मोकळं पडणं १.८ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. आणि त्या १.८ मीटरलासुद्धा माणसाला लागतात फक्त सहा दशांश सेकंद, तेवढ्यात वेग ताशी २१ किलोमीटर झालेला असतो. हात लांब करून काही धरेन, असं म्हणायलाही तेवढा वेळ नसतो.

दोन किट एकमेकांना जोडणं नाही. मध्ये स्ट्रक्चरला पक्कं टोक हवं, प्रत्येक किट आपापल्या दोन टोकांत. दोन माणसांच्या किटवर चार माणसं नाही. रॅचेट (पट्टा ताणायचं हँडल) हातानेच आवळायचा, पुस्तिकेत सांगितलंय तेवढाच. हँडलला पाईप घालून आवळलेलं मी पाहिलंय, त्याने माझ्या वायरसारखीच गत होते. उलट फार सैलही सोडू नका, ती ढिलाई पडण्याच्या अंतरात थेट मिळते. ट्रकवर सामान आवळायचा रॅचेट पट्टा या किटसारखाच दिसतो, तो यात मिसळू देऊ नका. आणि जवळ वेल्डिंग, गॅस कटिंग चालू असेल तर पट्ट्याची लाईन नकोच, एका ठिणगीने आतले धागे जळतात आणि वरून छोटा काळा ठिपका दिसतो.

पण खरी गोष्ट निराळी आहे. जुना सिमेंटचा पत्रा पाय ठेवला की फुटतो. तुमची माणसं कडेवरून कमी आणि पत्र्यातून खाली जास्त पडतील. कडेपर्यंत पोचूच न देणारा आखूड लॅनयार्ड कडेच्या धोक्याला उत्तम, पण पायाखालचा पत्रा फुटला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून लाईनचा विचार शेवटी करा. आधी बघा, हे काम पत्र्यावर न चढता खालून किंवा मॅन लिफ्टमधून (माणसाला बास्केटमधून वर नेणाऱ्या यंत्रातून) होतं का. नसेल तर पत्र्याखाली जाळी, पत्र्यावर पर्लिनपासून पर्लिनपर्यंत (पत्रे ज्यांवर टेकतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) टेकणाऱ्या चालायच्या फळ्या, आणि मग त्या जोडीला लाईन.

कोनमापक :
पूर्ण सहमत. रिट्रॅक्टेबल ब्लॉक (दोरी आपोआप आत ओढणारं आणि झटका आला की ब्रेक लावणारं साधन) लावून जागा वाचवू असं कोणी सुचवलं, तर आधी ब्लॉकच्या आणि लाईनच्या उत्पादकाने ती जोडी चालते असं लिहून दिलंय का पाहा. लवचिक लाईन झटक्यानंतर वर उसळते, तेव्हा ब्लॉकचा ब्रेक सुटून पुन्हा लागू शकतो, आणि माणूस टप्प्याटप्प्याने खाली जातो.

शुश्रूषा :
मी रुग्णवाहिकेवर काम करते. मूळ लेखात एक वाक्य आहे, “त्याला उतरवल्यावर मी वर गेलो.” उतरवायला किती वेळ लागला, दादा?

लोखंडीवाट :
पंचवीस मिनिटं, ताई. शिडी पोचत नव्हती आणि मॅन लिफ्ट साईटच्या दुसऱ्या टोकाला होती. तो शुद्धीवर होता, पाय हलवत होता, आणि सतत विचारत होता की किती वेळ लागेल.

शुश्रूषा :
पाय हलवत होता हे त्याचं नशीब. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साठत जातं, हृदयाकडे कमी परततं, आणि तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. बेशुद्ध झाल्यावर मान कलून श्वासाची वाटही अडू शकते. म्हणून “अग्निशमन दलाला फोन करू” ही सुटकेची योजना होत नाही. ते येईपर्यंत वेळ निघून जाते. साईटवरच्या माणसांनी, साईटवरच्या साधनांनी उतरवता आलं पाहिजे, आणि त्याचा सराव काम सुरू होण्याआधी झालेला असला पाहिजे. हार्नेसला लटकलेल्याने पाय ठेवून उभं राहता येईल असे छोटे पट्टे मिळतात, ते प्रत्येकाच्या हार्नेसला असू द्या.

उतरवल्यावर काय करायचं यात एक जुना सल्ला अजून फिरतोय, माणसाला आडवं करू नका, बसवून ठेवा. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हसाठी २००९ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले गेले, तेव्हा त्या सल्ल्याला आधार सापडला नाही. नेहमीचाच प्रथमोपचार करायचा. श्वास बघा, बेशुद्ध असेल तर आडवं करून श्वासमार्ग मोकळा ठेवा, रुग्णवाहिका बोलवा. आणि तो कितीही “मी ठीक आहे” म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्याच.

ठेकेदार :
शुश्रूषा ताई, आमच्या परमिटच्या फॉर्मवर ‘सुटका’ असा रकाना आहे, आणि आम्ही तिथे फोन नंबर लिहितो. उद्यापासून तिथे लिफ्ट कुठे उभी आहे आणि ती चालवणारा कोण, हे लिहायला सांगतो.

दुसरा_हुक :
आमच्या वेळी त्या लाईनला टॅगच नव्हता. कोणी बांधली, कधी बांधली, किती जणांसाठी, कोणालाच सांगता येईना. घटनेनंतर तीच लाईन दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायला काढली होती, आम्ही दोघांनी अडवलं. एकदा झटका बसलेली लाईन, तिच्यावरचे पोस्ट, क्लिपा, तो लॅनयार्ड, तो हार्नेस सगळं बाजूला. वरून धडधाकट दिसलं तरी.

नवीन_साईट :
सगळ्यांचे आभार. आज बैठक झाली. पत्र्याखाली जाळी टाकायची ठरली. मशीनच्या वर ती कितपत झोळते आणि तिच्याखाली किती जागा उरते, ते जाळीवाला मोजून देणार आहे, तोवर वर कोणी चढणार नाही. पर्लिनवर टेकणाऱ्या फळ्या येतायत. कडेच्या बाजूला लाईन फक्त माणसाला कडेपासून लांब ठेवण्यापुरती, कडेपर्यंत पोचणार नाही अशा लांबीच्या लॅनयार्डने. एका लाईनवर दोघंच. शेडच्या दोन्ही बाजूंना एकेक मॅन लिफ्ट उभी राहील.

एक शेवटचा प्रश्न. लाईन बांधायला पहिला माणूस वर जातो आणि काढताना शेवटचा उरतो. त्या दोघांनी हुक कशाला लावायचा? लाईन तर नसतेच.

लोखंडीवाट :
हा प्रश्न मला घटनेनंतर कित्येक महिन्यांनी सुचला होता, तुम्हाला सुरुवातीलाच सुचला.

नवीन स्टील उभारताना आम्ही आता पोस्ट आणि लाईन बीम जमिनीवर असतानाच बसवतो. बीम वर जातो तो लाईनसकट, आणि पहिला माणूस बीमवर पाऊल टाकण्याआधी हुक लावतो. तुमच्यासारख्या उभ्या शेडवर ते शक्य नाही, तिथे दोन्ही टोकं मॅन लिफ्टमधून बसवा. लिफ्टमधला माणूस लिफ्टच्या बास्केटमध्ये दिलेल्या अँकरलाच अडकलेला असतो आणि टोक बसवताना बास्केटमधून बाहेर पडत नाही. काढताना उलट्या क्रमाने. आधी सगळी टोळी खाली. मग लिफ्टमधून एका टोकाचा रॅचेट सैल करायचा, पट्टा खाली सोडायचा, लिफ्ट फिरवून दुसरं टोक काढायचं. पत्र्यावर कोणीही उरलेलं नसताना.